ऑफिसच्या प्रिंटरला खरं कुलूप: कप्स सर्व्हरवर नाव आणि पासवर्डची सोय

प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ‘अलाउड युजर्स’ अशी एक यादी असते. त्यात चार नावं टाकली की आता बाकी कोणी प्रिंट काढू शकणार नाही, असं बहुतेकांना वाटतं. अपार्टमेंटच्या गेटवर वॉचमन रजिस्टर पुढे करतो, आपण त्यात वाटेल ते नाव लिहितो आणि तो लिफ्टकडे बोट दाखवतो. ती यादी अगदी तशीच चालते. कॉम्प्युटर म्हणतो ‘मी देशपांडे’, प्रिंट सर्व्हर म्हणतो ‘या’. देशपांडे खरंच देशपांडे आहे का, हे कोणी विचारलेलंच नसतं. यादी हवीच, पण तिच्या आधी ओळख पटवायची सोय हवी. आणि ती सोय केल्यावर मागचं दार उघडं राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात. हे दोन्ही कसं करायचं ते इथे लिहिते.

मी नागपुरात छोट्या ऑफिसांची नेटवर्कं सांभाळते. धंतोलीतले सीए, रामदासपेठेतले दवाखाने, सिव्हिल लाइन्समधले वकील. उदाहरणासाठी वकिलांचं ऑफिस घेते, कारण प्रिंटरवरून भांडणं सगळ्यात जास्त तिथेच होतात. एका मजल्यावर दोन सीनियर, त्यांचे वेगवेगळे ज्युनियर, एक मुन्शी, एक टायपिस्ट आणि मागच्या केबिनमध्ये भाड्याने बसलेला सीए. मोठा लेझर प्रिंटर एकच, आणि तोही दाराजवळ, पक्षकार बसतात त्या बाकाशेजारी. ट्रेमध्ये एकाच्या घटस्फोटाच्या अर्जावर दुसऱ्याचं आयकर विवरण येऊन पडतं, पॅन आणि आधारच्या प्रतींसकट. अशाच एका ठिकाणी समोरच्या पार्टीचा मसुदा पक्षकाराने उचलून वाचला होता. त्यानंतरच्या आवाजाने खालच्या चहावाल्याला वाटलं वर मारामारी सुरू झाली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आला. लोकांची माहिती हाताळणाऱ्याने ती नीट सांभाळायची जबाबदारी त्यात आहे, आणि हे वकिलांना मी सांगायची गरज नाही.

काय लागेल

एक जुना डेस्कटॉप किंवा मिनी पीसी, त्यावर डेबियन किंवा उबुंटू, आणि कप्स. कप्स म्हणजे लिनक्सची छपाई व्यवस्था. मायकल स्वीट यांनी १९९७ मध्ये तिचं काम सुरू केलं, १९९९ मध्ये ती बाहेर आली, २००७ मध्ये अ‍ॅपलने ती विकत घेतली. स्वीट अ‍ॅपलमधून बाहेर पडल्यावर, २०२० पासून, ओपनप्रिंटिंग नावाच्या गटाकडे तिचं पुढचं काम आहे. मॅकवर छापताना तुम्ही न कळत हीच वापरता. पैसे लागत नाहीत. लागतो तो एक लहान यूपीएस. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की सगळे कूलर एकदम चालू होतात आणि दुपारी वीज दोन-चार वेळा डोळे मिचकावतेच. प्रिंट सर्व्हर प्रत्येक वेळी धाडकन बंद झाला तर हार्ड डिस्क फार दिवस टिकत नाही. कूलरचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्याच्या झोतात प्रिंटर ठेवू नका. कागद दमट होतो, वळतो, अडकतो.

कमांड आणि फाइलींची नावं फोनवर सांगते तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायची, सगळी लहान लिपीत, आणि टिंब-डॅश जिथे आहेत तिथेच. कॉन्फिगरेशन फाइलमधल्या ओळींत मात्र प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं लिहायची रीत आहे.

आधी प्रिंटरला एकटं पाडा

बहुतेक जण सर्व्हरपासून सुरुवात करतात. मी प्रिंटरपासून करते. कारण साधं आहे. नेटवर्कचा प्रिंटर ९१०० नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कवरच्या एका ठरलेल्या दाराशी, कान लावून बसलेला असतो. तिथे जे येईल ते तो छापतो. नाव विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही. ५१५ वर जुनी एलपीडी पद्धत असते, तीही तशीच भोळी. तुम्ही सर्व्हरवर कितीही कडक पहारा बसवा, ज्याला प्रिंटरचा आयपी पत्ता माहीत आहे तो सर्व्हरला वळसा घालून थेट छापेल. आणि तो पत्ता माहीत करून घ्यायला काही करावं लागत नाही, प्रिंटर स्वतःच कॉन्फिगरेशन पेजवर छापून देतो.

सगळ्यात सोपा आणि माझ्या आवडीचा उपाय म्हणजे प्रिंटर यूएसबी केबलने सर्व्हरला जोडा, त्याची लॅनची तार काढून टाका आणि वायफाय बंद करा. मग प्रिंटरकडे जायला सर्व्हरशिवाय रस्ताच उरत नाही. सर्व्हर प्रिंटरशेजारी ठेवायला जागा असेल तर दुसरा विचारच करू नका.

वायफाय बंद करताना एक गोष्ट हमखास राहून जाते: वायफाय डायरेक्ट. ऑफिसच्या राउटरशी याचा संबंध नसतो, प्रिंटर स्वतःचंच एक छोटं नेटवर्क हवेत सोडतो. खाली चहाच्या टपरीवर उभं राहून फोनची वायफाय यादी उघडा. ‘डायरेक्ट’ने सुरू होणारं, पुढे प्रिंटरच्या मॉडेलचं नाव असलेलं काही दिसलं तर ते तुमचंच असू शकतं. प्रिंटरच्या नेटवर्क मेनूत ते वेगळं बंद करावं लागतं.

यूएसबी शक्य नसेल, म्हणजे प्रिंटर एका टोकाला आणि सर्व्हर दुसऱ्या टोकाला असेल, तर ब्राउझरमध्ये प्रिंटरचा आयपी पत्ता टाकून त्याचं आतलं वेबपान उघडा. पहिलं काम, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला. तो बरेचदा रिकामा असतो, किंवा कंपनीने दिलेला, मशीनच्या मागच्या स्टिकरवर लिहिलेला. मग नेटवर्कच्या पानावर जाऊन ९१००, एलपीडी, एफटीपी आणि टेलनेट बंद करा. एसएनएमपी (प्रिंटरची खबर लांबून घ्यायची सोय) लागत नसेल तर तेही बंद. लागत असेल तर ‘पब्लिक’ हे आयतं नाव बदला, किंवा तिसरी आवृत्ती वापरा. आयपीपी, म्हणजे नेटवर्कवरून छापायची आजची पद्धत, तेवढं चालू ठेवा, तेही एन्क्रिप्शनसह. शेवटी ‘अ‍ॅक्सेस कंट्रोल’ किंवा ‘आयपी फिल्टर’ असं पान शोधा आणि तिथे फक्त सर्व्हरचा पत्ता टाका. कंपनीगणिक या पानाचं नाव बदलतं, जागा बदलते, पण ऑफिसच्या मोठ्या मशीनमध्ये ते असतं. सर्व्हरचा पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून घ्यायला विसरू नका. उद्या तो बदलला तर प्रिंटर सर्व्हरलाच ओळखणार नाही आणि सकाळी सहा फोन येतील.

सर्व्हरवर माणसं

कप्सला स्वतःची माणसांची यादी नसते. नाव-पासवर्ड आला की तो लिनक्सच्या पॅम नावाच्या यंत्रणेला विचारतो, आणि ती सर्व्हरवरची खाती बघते. म्हणून प्रत्येकाचं एक लिनक्स खातं लागतं, पण त्या खात्याने सर्व्हरवर लॉगिन करता येऊ नये. आधी एक ग्रुप, मग त्यात माणसं (सुरुवातीचा ‘सुडो’ म्हणजे ही कमांड व्यवस्थापकाच्या अधिकाराने चालव):

सुडो ग्रुपअ‍ॅड छपाई

सुडो युजरअ‍ॅड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन -जी छपाई मुन्शी

सुडो पासडब्ल्यूडी मुन्शी

दुसऱ्या ओळीतला एम आणि जी मोठ्या लिपीतले, एस लहान. मोठा एम म्हणजे होम फोल्डर बनवू नको. नोलॉगिन म्हणजे या खात्याने कोणी सर्व्हरमध्ये शिरू शकणार नाही. छपाईचा पासवर्ड मात्र चालतो.

एका खात्यावर सगळ्या ज्युनियरना बसवायचा मोह होईल. सीनियर साहेबही म्हणतील, ‘एकच ठेवा, लक्षात राहील.’ ठेवू नका. एकच पासवर्ड असला की कोण छापतंय ते कळत नाही, आणि त्यातला एक जण सोडून गेला की सगळ्यांचा बदलावा लागतो, म्हणजे कोणाचाच बदलला जात नाही.

आणखी एक. कप्सचं व्यवस्थापन करू शकणाऱ्यांचा ग्रुप वेगळा असतो. डेबियन आणि उबुंटूवर त्याचं नाव एलपीअ‍ॅडमिन. त्यात फक्त तुम्ही. मुन्शीला त्यात टाकलंत तर तो दुसऱ्याचं काम रद्द करू शकेल, रांगेच्या पुढे घुसू शकेल, आणि करेलही. मुन्शी लोकांना घाई असते, फाइलिंगची वेळ त्यांच्याच डोक्यावर असते.

आता पहारा

/ईटीसी/कप्स या फोल्डरची एक प्रत बाजूला काढून ठेवा. मग:

सुडो कप्सकंट्रोल --शेअर-प्रिंटर्स --नो-रिमोट-अ‍ॅडमिन

कमांड टाइप करताना ‘कंट्रोल’ पूर्ण लिहायचं नाही. सी, टी, एल एवढीच अक्षरं. याने सर्व्हर ६३१ पोर्टवर नेटवर्कसाठी उघडतो, पण व्यवस्थापनाची पानं बाहेरून बंद राहतात. सेटिंग बदलायची असतील तर एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करून, आत जा. वेबवरून अ‍ॅडमिन उघडं ठेवण्यात मला काही सोय दिसत नाही.

मग त्याच फोल्डरमधली कप्सडी.कॉन्फ ही फाइल उघडा आणि या दोन ओळी अशा आहेत का बघा:

डिफॉल्टऑथटाइप बेसिक

डिफॉल्टएन्क्रिप्शन रिक्वायर्ड

पहिली सांगते की ओळख नाव-पासवर्डने पटवायची. दुसरी जास्त महत्त्वाची. बेसिक पद्धतीत पासवर्ड बेस-६४ मध्ये गुंडाळून जातो, आणि ते गुंडाळणं कोणीही सेकंदात उलगडू शकतं. ते एन्क्रिप्शन नाही. बाहेरून टीएलएसचं, म्हणजे खऱ्या एन्क्रिप्शनचं, कवच असेल तरच बेसिक चालवायचं. ‘रिक्वायर्ड’ म्हणजे कवच नसेल तर सर्व्हर पासवर्ड घेणारच नाही. प्रिंट जात नाही म्हणून कोणी तुम्हाला इथे ‘नेव्हर’ लिहायला सांगितलं, तर त्याचं बाकीचंही ऐकू नका.

त्याच फाइलमध्ये खाली पॉलिसी नावाचे तीन-चार खंड दिसतील. डिफॉल्ट, ऑथेंटिकेटेड, कर्बरॉस. डिफॉल्ट खंडात काम रद्द करणं, थांबवणं, सोडणं यांसाठी ‘@ओनर @सिस्टिम’ अशी अट आहे, म्हणजे ज्याचं काम तोच, किंवा व्यवस्थापक. वाचायला छान वाटतं. पण त्या अटीजवळ ‘ऑथटाइप’ची ओळ नाही, त्यामुळे ओनर कोण हे पुन्हा सांगितलेल्या नावावरूनच ठरतं. ऑथेंटिकेटेड खंडात अशा प्रत्येक ठिकाणी ‘ऑथटाइप डिफॉल्ट’ अशी ओळ आहे, अगदी प्रिंट पाठवण्यालाही. हे दोन खंड शेजारी ठेवून वाचले की सगळा खेळ त्या एका ओळीचा आहे हे डोळ्यांना दिसतं. नवीन काही लिहायचं नाही. रांगेला, म्हणजे कप्समधल्या प्रिंटरच्या नोंदीला, दुसरा खंड लावायचा, बस.

रांग बनवताना (इथे तिचं नाव ‘कचेरी’), प्रिंटर नेटवर्कवर असेल तर:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी कचेरी -ई -व्ही आयपीपीएस://प्रिंटरचा-पत्ता/आयपीपी/प्रिंट -एम एव्हरीव्हेअर

इथे ई मोठ्या लिपीतला, आणि त्याची जागा बघा. पी-नंतर आला तर अर्थ ‘रांग चालू कर’. पी-च्या आधी आला तर अर्थ ‘सर्व्हरशी बोलताना एन्क्रिप्शन वापर’. एकच अक्षर, जागेवरून दोन कामं. रांग बनते, यादीत दिसते आणि काहीच छापत नाही, अशी तक्रार आली की मी आधी तो ई कुठे आहे ते विचारते. यूएसबी असेल तर ‘एलपीइन्फो -व्ही’ ही कमांड जोडलेल्या प्रिंटरचा पत्ता दाखवते. व्ही-नंतर तो टाकायचा. जुन्या यूएसबी मशीनला एव्हरीव्हेअर, म्हणजे कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय छापायची सोय, चालत नाही, त्यांना त्यांचा ड्रायव्हर द्यावा लागतो.

मग पहारा आणि यादी:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी कचेरी -ओ प्रिंटर-ऑप-पॉलिसी=ऑथेंटिकेटेड -ओ प्रिंटर-इज-शेअर्ड=ट्रू

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी कचेरी -यू अलाउ:@छपाई

आता यादीला अर्थ आला. आधी पासवर्डने माणूस पटतो, मग तो छपाई ग्रुपात आहे का ते बघितलं जातं. सीएच्या पोरांना वेगळी रांग हवी असेल, उदाहरणार्थ फक्त काळी-पांढरी, तर वेगळा ग्रुप करून दुसरी रांग बनवा. मशीन तेच, रांगा दोन.

सुडो कप्सडी -टी चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते बघा आणि मगच कप्स पुन्हा सुरू करा. फायरवॉल लावताना आधी एसएसएचला वाट द्या, मग ६३१ फक्त ऑफिसच्या नेटवर्कसाठी उघडा, मग चालू करा. हा क्रम उलटा झाला तर स्क्रीन-कीबोर्ड घेऊन सर्व्हरपाशी जमिनीवर बसावं लागतं.

कप्स-ब्राउज्ड नावाची एक सेवा सोबत येते, नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारी. तिचं इथे काही काम नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सिमोने मार्गारितेली या संशोधकाने दाखवलं की ती यूडीपी ६३१ वर कोणाकडूनही निरोप घेते आणि त्यातून बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर जोडू शकतो. दुरुस्त्या आल्या आहेत, तरी जी सेवा लागत नाही ती बंदच बरी.

प्रमाणपत्र, आणि विंडोज

टीएलएससाठी प्रमाणपत्र, म्हणजे सर्व्हरचं ओळखपत्र, लागतं. कप्स ते स्वतःच बनवतो आणि /ईटीसी/कप्स/एसएसएल मध्ये ठेवतो, सर्व्हरच्या नावाने. दोन फाइली दिसतील. नावाशेवटी ‘सीआरटी’ असलेली सगळ्यांना द्यायची, ‘की’ (म्हणजे किल्ली) असलेली कोणालाही नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. हे लिहावं लागतंय कारण इथे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर जातं.

नावाचा इथे फार संबंध आहे. प्रमाणपत्र ज्या नावाचं, त्याच नावाने हाक मारायची. समजा सर्व्हरचं नाव छपाई.लोकल. मग विंडोजमध्ये पत्ताही तोच द्यायचा, आयपीचे आकडे नाहीत. आकडे दिले तर विंडोज म्हणेल प्रमाणपत्र दुसऱ्याचं आहे. आणि तुम्ही तिसरंच नाव वापरलंत, जे सर्व्हरला माहीत नाही, तर ‘बॅड रिक्वेस्ट’ असं ४०० नंबरचं उत्तर येतं. तेव्हा कप्सडी.कॉन्फमध्ये ‘सर्व्हरएलियास’ लिहून ते नाव द्यायचं.

प्रत्येक विंडोज मशीनवर सीआरटी फाइल उघडा, ‘इन्स्टॉल सर्टिफिकेट’, मग ‘लोकल मशीन’, मग स्वतः जागा निवडा: ‘ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन अथॉरिटीज’. आपोआप निवडू दिलंत तर ते भलत्याच कप्प्यात जाऊन बसतं. नंतर प्रिंटर जोडताना ‘मला हवा तो प्रिंटर यादीत नाही’ या अर्थाचा दुवा दाबा, नावाने जोडायचा पर्याय घ्या आणि लिहा:

एचटीटीपीएस://छपाई.लोकल:६३१/प्रिंटर्स/कचेरी

शेवटचा एस गाळू नका. साध्या एचटीटीपीने विंडोज अडखळतं, कारण सर्व्हर म्हणतो आधी कवच चढव आणि विंडोजला मधेच कवच चढवता येत नाही. ड्रायव्हर विचारला तर मायक्रोसॉफ्टचा आयपीपी क्लास ड्रायव्हर, नाहीतर कुठलाही साधा पोस्टस्क्रिप्टचा. प्रिंटर कंपनीचा देऊ नका. छपाईच्या भाषेत रूपांतर आता सर्व्हर करतो. कंपनीच्या ड्रायव्हरने आधीच रूपांतर केलेला मजकूर त्याला ओळखता येत नाही आणि तो काम परत पाठवतो.

मग नाव-पासवर्ड विचारला जाईल. इथे टायपिस्टच्या मशीनकडे नीट बघा. त्यावर विंडोजचं लॉगिन बहुधा एकच असतं आणि दिवसभरात चार जण बसतात. पहिल्याने ‘पासवर्ड लक्षात ठेव’ला टिचकी मारली की उरलेले तिघे त्याच्या नावाने छापतात, आणि तुमचं सगळं बांधकाम एका टिचकीत ढासळतं. अशा मशीनवर प्रत्येकाचं वेगळं विंडोज लॉगिन करा. मला हे करताना नेहमी ऐकावं लागतं, ‘ताई, आता प्रिंटर बी पासवर्ड काहून मागून राहिला? आधी तं बराबर चालू होता ना!’ मी उत्तर देत नाही, ट्रेमधला वरचा कागद उचलून कोणाचा आहे ते मोठ्याने वाचते.

मॅकवर आयपीपीएसने तोच पत्ता द्या, तो स्वतःच विचारतो. ऑफिसात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या विंडोज लॉगिनची एकत्र व्यवस्था) असेल तर ‘नेगोशिएट’ लावून कर्बरॉस या ओळख पटवण्याच्या पद्धतीने एकाच लॉगिनमध्ये सगळं करता येतं. पण त्यात सर्व्हर आणि मशीनच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही, आणि जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते. दहा-बारा माणसांच्या ऑफिसात मी त्या वाटेला जात नाही.

कागद कधी बाहेर यावा

पासवर्ड लागला, तरी कागद दाराजवळच्या ट्रेमध्येच पडतो. ज्याने छापायला दिलं तो केबिनमधून उठेपर्यंत बाकावरचा माणूस वाचून मोकळा. म्हणून नाजूक कागदांची रांग मी थांबवलेली ठेवते:

सुडो एलपीअ‍ॅडमिन -पी कचेरी -ओ जॉब-होल्ड-अनटिल-डिफॉल्ट=इंडेफिनिट

आता पाठवलेलं काम सर्व्हरवर थांबून राहतं. माणूस प्रिंटरपाशी जातो, फोनच्या ब्राउझरमध्ये सर्व्हरचं कामांचं पान उघडतो, आपल्या कामासमोरचं ‘रिलीज जॉब’ दाबतो, नाव-पासवर्ड देतो, आणि कागद त्याच्या डोळ्यांसमोर बाहेर येतो. दुसऱ्याच्या कामावर दाबलं तर सर्व्हर नाही म्हणतो, कारण ऑथेंटिकेटेड खंडात तीच अट आहे. रोजच्या फुटकळ कागदांसाठी दुसरी, न थांबणारी रांग ठेवा. सगळंच थांबवलं तर आठवड्याभरात सीनियर साहेबच तुम्हाला बोलावून सगळं काढायला लावतील.

याचा एक फायदा आधी लक्षात येत नाही. कागद अडकला की लोक तेच काम तीनदा-चारदा पाठवतात. संध्याकाळी कोणीतरी कागद सोडवतो आणि सगळ्या प्रती रिकाम्या ऑफिसात भडाभडा बाहेर येतात, सकाळी झाडूवाली बाई त्यांचा गठ्ठा रद्दीत टाकते. थांबलेल्या रांगेत जादा कामं आतच राहतात.

सर्व्हरच्या पोटात राहिलेल्या प्रतींचंही बघा. छापून झाल्यावरही कप्स फाइल एक दिवस, म्हणजे ८६,४०० सेकंद, /व्हार/स्पूल/कप्स मध्ये ठेवतो. वकिलांच्या ऑफिसात त्याची गरज नाही. कप्सडी.कॉन्फमध्ये ‘प्रिझर्व्हजॉबफाइल्स नो’ लिहा. छापलेलं काम पुन्हा छापायची सोय जाते, ती जाऊ द्या.

चालतंय का, ते मोडून बघा

बरोबर पासवर्डने प्रिंट आली म्हणजे काम झालं, असं समजू नका. तुम्हाला बघायचं आहे ते चुकीच्याला नकार मिळतो का.

आधी चुकीचा पासवर्ड देऊन बघा. मग लिनक्स मशीनवरून ‘एलपी -यू’ ला दुसऱ्याचं नाव देऊन प्रिंट पाठवा; यू मोठ्या लिपीतला. पूर्वी हे बिनबोभाट छापलं जायचं, आता पासवर्ड विचारायला हवा. मग विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’ला प्रिंटरचा पत्ता आणि ‘-पोर्ट ९१००’ द्या. खाली ‘टीसीपीटेस्टसक्सीडेड’समोर ‘फॉल्स’ आलं पाहिजे. ‘ट्रू’ आलं तर मागचं दार उघडं आहे, परत प्रिंटरच्या पानावर जा.

मग /व्हार/लॉग/कप्स/अ‍ॅक्सेस_लॉग उघडा. प्रत्येक ओळीत आधी मशीनचा पत्ता, मग डॅश, मग माणसाचं नाव, वेळ, आणि पुढे उत्तराचा आकडा. एकाच प्रिंटसाठी दोन ओळी दिसतील: पहिलीत नावाच्या जागी डॅश आणि ४०१ (आधी ओळख दाखव), दुसरीत नाव आणि २०० (ठीक आहे). घाबरू नका, हल्ला नाही. मशीन आधी हात हलवत येतं, सर्व्हर ओळख मागतो, मग ते पासवर्ड घेऊन परत येतं. काळजीची ओळ ती, जिच्यात प्रिंटर्स/कचेरी आहे, उत्तर २०० आहे, प्रिंट निघाली आहे, आणि नावाच्या जागी नुसता डॅश आहे. म्हणजे त्या रांगेला पॉलिसी लागलेलीच नाही. एकाच्याच मागे ४०१ची रांग लागली असेल तर बहुधा विंडोजने जुना पासवर्ड धरून ठेवला आहे. क्रेडेन्शियल मॅनेजरमधून तो काढा.

कोणी किती छापलं याचा हिशेब हवा असेल, आणि दोन सीनियर टोनरचा खर्च वाटून घेत असतील तर तो लागतोच, तर पेज_लॉग चालू करावा लागतो. तो आपोआप चालू नसतो. ‘पेजलॉगफॉरमॅट’च्या ओळीत प्रिंटर, नाव, कामाचा नंबर, वेळ आणि पानं-प्रतींचे आकडे एवढंच घ्या. फाइलचं नाव घेऊ नका. वकिलाच्या फाइलचं नाव हेच पक्षकाराचं नाव असतं.

माणसं जातात तेव्हा

आर्टिकलशिपची पोरं बदलतात, ज्युनियर स्वतःची पाटी लावतात. ज्या दिवशी माणूस गेला त्याच दिवशी ‘सुडो पासडब्ल्यूडी -एल’ आणि त्याचं नाव. खातं राहतं, जुन्या नोंदी वाचता येतात, पण त्या पासवर्डने आता छापता येत नाही. थांबलेल्या रांगेत त्याचं काही पडून असेल तर तेही रद्द करा. हे कोण करणार ते लिहून ठेवा. सीनियर साहेबांना आठवत नाही आणि मला कोणी कळवत नाही, म्हणून मी मुन्शीला सांगून ठेवलंय: निरोपाचे पेढे आले की मला फोन कर.

/ईटीसी/कप्स ची ताजी प्रत पेनड्राइव्हवर घ्या. त्यात ती ‘की’ वाली फाइलही असते, तेव्हा पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात नको, मूळ करारपत्रं असतात त्या कुलपाच्या कपाटात ठेवा.